काळ्या मातीचं गवत

नूपुर हस्तकनं वाळवंट पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिची निराशाच झाली. तिच्या डोक्यात वाळूच्या टेकड्या होत्या, उंटांच्या रांगा होत्या. जैसलमेरच्या पुढे दोनेक तास जीपनं गेल्यावर जे अभयारण्य लागलं, तिथे नजर पोचेल तिथवर नुसतं गवत होतं. पिवळट, ताठ, झुबक्याझुबक्यांनी उगवलेलं. मध्येच एखादं खेजडीचं काटेरी झाड, आणि वर पांढरं पडलेलं आभाळ.

"मॅडम, वाळू कुठेय?" तिनं विचारलं.

"गवताखाली," चारुशीला हरकरे म्हणाल्या. त्या जीपमधून उतरून बुटांच्या नाड्या आवळत होत्या. "हे गवत आहे म्हणून ती गप खाली बसलीय. हे काढ, मग बघ कशी घराघरात शिरते ती."

हरकरे मॅडम नागपूरच्या एका संशोधन संस्थेत वनस्पतिसंग्रहाच्या प्रमुख होत्या. आयुष्यभर त्यांनी गवतांवर काम केलं होतं, आणि गवतांवर काम करणाऱ्याला कोणी विचारत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. बरोबरीचे लोक औषधी वनस्पतींवर काम करून मोठे झाले, कोणी रानातल्या फुलांचे रंगीत ग्रंथ काढले, सत्कार करून घेतले. मॅडमच्या वाट्याला कपाटं आली. निवृत्तीला तीनेक वर्षं उरली असताना वाळवंटातल्या रानगवतांचे नमुने गोळा करून त्यांची नोंद करायचा हा प्रकल्प मंजूर झाला, तोही दुसऱ्या कोणीतरी नको म्हटल्यामुळे.

नूपुर त्यांना मिळाली ती अशीच, कोणाला नको असलेली. एम.एस्सी. होऊन पाच वर्षं ती नागपुरातच, प्रताप नगरात, आईजवळ राहत होती आणि एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवत होती. ठरलेलं लग्न मोडलं होतं. मुलाखतीत तिला बाकीच्यांनी वयावरून, मधल्या पाच वर्षांवरून छेडलं. मॅडमनी तिच्यासमोर तीन वाळक्या काड्या ठेवल्या आणि म्हणाल्या, "यातलं वेगळं कोणतं?" नूपुरनं बराच वेळ पाहून एक काडी बाजूला काढली. मॅडम बाकीच्यांकडे वळून म्हणाल्या, "झालं. मला हीच पाहिजे."

त्यानंतर मॅडमसाठी जीव टाकायची नूपुरची तयारी होती.

कामही तसं जीव काढणारंच होतं. पाऊस पडून गेला की भादव्यात गवतं फुलोऱ्यावर येतात, तेवढेच काय ते दिवस हातात. उन्हं चढायच्या आत बाहेर पडायचं. खुरप्यानं गवताचा झुबका मुळांसकट उकरायचा, वाळू झटकायची, जुन्या वर्तमानपत्रात पसरून, टिपकागद घालून लाकडी फळ्यांमध्ये आवळायचा. मॅडमनी नागपूरहून मराठी पेपरांची रद्दी बांधून आणली होती. तिकडचा कागद पातळ असतो, त्यात गवत नीट वाळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग जागेवर बसूनच नोंद. कुठे सापडलं, माती कशी, उंची किती, तुऱ्याचा रंग कोणता. रंग वाळल्यावर उडून जातो, म्हणून आधी रंग. 'जागेवर लिहिलं नाही ते पाहिलंच नाही,' हे मॅडम इतक्यांदा म्हणायच्या की ड्रायव्हरसुद्धा त्यांची नक्कल करायचा.

भुरट नावाच्या गवताचे काटेरी गोंडे मोज्यांत, ओढणीत, बोटांत घुसायचे. संध्याकाळी विश्रामगृहाच्या ओट्यावर मॅडम चिमटा घेऊन बसायच्या आणि नूपुरच्या बोटांतले काटे काढून द्यायच्या. चष्मा नाकावर घसरलेला, तोंडानं पुटपुट चाललेली. "हात आहे का चाळणी, काय करून ठेवलंस हे?" नूपुरला तेव्हा आईची आठवण यायची नाही, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

दुसऱ्या वर्षी तिथे गेल्यावर नूपुरला ताप भरला. मॅडमनी तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, शेगडीवर मुगाची खिचडी शिजवून भरवली. काम थांबवून चालणार नव्हतं, तेव्हा एक दिवस त्या ड्रायव्हरला घेऊन एकट्याच बाहेर पडल्या. अभयारण्याच्या एका टोकाला सखल जागा होती, पाऊस पडला की तिथे पाणी साचून चिखल व्हायचा. त्या दिवशी नेमका धो धो पाऊस आला. तिन्हीसांजेला मॅडम चिंब भिजून परतल्या. नूपुर ग्लानीत होती. तिला एवढंच कळलं की एक गार हात कपाळावर आला, आणि मॅडमचा आवाज आला, हसल्यासारखा: "आपल्याकडचं गवत भेटलं गं तिथे. आपल्या काळ्या शेतातलं."

सकाळी ताप उतरला होता. मॅडम शेगडीजवळ कागद वाळवत बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. "सगळं भिजलं," एवढंच त्या म्हणाल्या. नूपुरनं गवताचं विचारलं नाही. तापात काहीबाही ऐकू येतं, असं तिला वाटलं.

नागपूरला आल्यावर दिवाळीनंतर एक दिवस मॅडमनी तिला बोलावून एक शीट समोर ठेवलं. जाड कागदावर नीट चिकटवलेला बारीक गवताचा झुबका. विदर्भातल्या काळ्या मातीत बांधाबांधांवर उगवणारं गवत, ज्याच्याकडे इथला शेतकरी बघतही नाही. लेबलावर जागा लिहिली होती ती मात्र अभयारण्यातल्या त्या सखल भागाची.

"म्हणजे खरंच होतं!" नूपुर म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतंत मला, तापात. मला वाटलं स्वप्न पडलं."

मॅडम तिच्याकडे क्षणभर बघत राहिल्या. "स्वप्न नव्हतं," त्या म्हणाल्या.

काळ्या मातीतलं गवत वाळवंटात उगवत असेल तर वाळवंटाचा पाऊस बदलतो आहे, जमीन बदलते आहे, असा त्याचा अर्थ निघत होता. संस्थेत एकदम हवा पालटली. संचालक कृष्णकांत देव, जे एरवी मॅडमना जिन्यात भेटले तर मोबाइल कानाला लावायचे, ते स्वतः त्यांच्या खोलीत चहा प्यायला आले. जानेवारीत शहरातल्या पेपरांत बातमी आली, मॅडमचा आणि नूपुरचा फोटो आला. नूपुरच्या आईनं, प्रेमलताबाईंनी, तो कापून फ्रिजवर लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी द्यायच्या निमित्तानं दाखवला. प्रकल्पाला आणखी तीन वर्षं मिळाली. नूपुरची नोकरीही त्यात आली.

फेब्रुवारीत अहवालासाठी नूपुर एकेक शीट काढून पुन्हा मापं घेत होती. ते गवत हातात आलं तेव्हा भिंगाखाली मुळांच्या जाळ्यात तिला काहीतरी अडकलेलं दिसलं. तिनं सुईच्या टोकानं तो कण काढला आणि ओल्या बोटावर घेतला. वाळू असती तर खरखरली असती. हा कण विरघळला, बोटाला लोण्यासारखा माखला आणि नखाच्या कडेला काळा डाग ठेवून बसला.

सखल भागातला चिखलही तिनं आदल्या वर्षी पाहिला होता. तो बदामी रंगाचा, वाळल्यावर पापुद्र्यासारखा सुटणारा. हा रंग तिच्या ओळखीचा होता. वावरातून चालत आलं की चपलेच्या तळाला किलोकिलोनं चिकटतो तो रंग.

शीटवर नमुने चिकटवायचं काम धोंडबाकडे असायचं. तो कुहीकडचा, संस्थेतला जुना माणूस. नूपुरनं त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "धोंडबा, हे गवत तुम्हीच लावलंत ना?"

"हो ना ताई. मुळं धुऊधुऊ थकलो मी. आपली काळी माती, ते काय सुटते लवकर?"

"आपली?"

"मंग? मॅडमले मीच तं नेलं होतं गाडीवर, इथंच मिहानच्या मांगं, त्या पडीक वावराइत. दिवाईच्या आधी. म्या म्हटलं, माया कुहीच्या बांधावर लय आहे हे, तिकडे चला. पण मॅडमले घाई. काहून, काही चुकलं काय?"

"नाही," नूपुर म्हणाली. "काही नाही चुकलं."

ती जेवणाच्या सुट्टीत मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम डबा उघडत होत्या. नूपुरनं शीट टेबलावर ठेवलं आणि आपलं काळं नख पुढे केलं. मॅडमनी डब्याचं झाकण परत लावलं.

"धोंडबानं सांगितलं?"

"मातीनं सांगितलं. धोंडबाला नंतर विचारलं."

मॅडम खिडकीशी गेल्या. बाहेर माळी पाइपानं पाणी देत होता. "मी पाहिलं होतं नूपुर. त्या चिखलात, हातभर जागेत, चार-पाच झुबके. हातानं काढलं. मग पाऊस आला, सगळा गठ्ठा भिजला. दोन दिवसांत बुरशी धरली, काळं पाणी सुटलं त्यातून. फेकून दिलं मी ते. काय करणार होते?"

"मग तसंच लिहायचं होतं. दिसलं, पण नमुना टिकला नाही."

"आणि कोणी मानलं असतं?" मॅडम वळल्या. "सांग ना. चाळीस वर्षं गवत उपटणाऱ्या एका बाईला काहीतरी दिसलं म्हणे. हसले असते. देव साहेबांनी तर चहासुद्धा पाजला नसता."

"पण हे खोटं आहे, मॅडम."

"गवत खोटं नाही. जागा खोटी नाही. हा झुबका फक्त त्या झुबक्याच्या जागी उभा आहे."

नूपुरला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हळू आवाजात म्हणाल्या की भादव्यात आपण दोघी परत जाऊ, ती जागा पिंजून काढू, खरं गवत आणू आणि हे शीट काढून ते लावू. तोवर गप्प राहायचं. नूपुरनं मान हलवली. प्रताप नगरातलं घर, फ्रिजवरचा फोटो, क्लासमधले कळकट बाक, सगळं एकदम तिच्या डोळ्यांसमोरून गेलं होतं. पण मान हलवली ती त्यासाठी नाही, असं ती स्वतःला सांगत राहिली. मॅडमना दिसलं होतं. जे दिसलं ते पुन्हा दिसेल.

तो उन्हाळा तिनं कसाबसा काढला. संस्थेत कोणी त्या गवताचं कौतुक केलं की तिला मान खाली घालून हसावं लागायचं. मॅडम मात्र ते कौतुक सहज घ्यायच्या. एकदा एका कॉलेजात व्याख्यान देताना त्यांनी ते शीट पडद्यावर दाखवलं आणि गवत हाती लागलं तो क्षण असा रंगवून सांगितला की पोरं टाळ्या वाजवायला लागली. मागच्या रांगेत बसलेल्या नूपुरनं पडद्यावरून नजर काढून घेतली.

भादव्यात त्या दोघी गेल्या. पाऊस त्या वर्षी बेताचाच झाला होता. पण खरा घोटाळा वेगळाच होता. सखल जागेवर जनावरांसाठी पाणवठा खोदला होता. यंत्रानं उकरलेली माती चहूबाजूंनी ढिगानं पडली होती आणि मधे सिमेंटची कड, हिरवट पाणी.

"याच्याच आसपास होतं," मॅडम म्हणाल्या. "कडेला कुठेतरी असेलच."

त्या गुडघ्यांवर बसल्या आणि गवत बोटांनी फाकत पुढे सरकू लागल्या. नूपुर दुसऱ्या बाजूनं. रोज सकाळी हेच. तीच ती तिथली गवतं: धामण, सेवण, भुरट, पुन्हा धामण. मॅडमचे गुडघे सुजले, तळवे सोलवटले, पण त्या उठल्या की पुन्हा बसायच्या. त्यांना तसं सरपटताना बघून नूपुरच्या मनातला उरलासुरला संशय गेला. ज्याला दिसलंच नाही ते माणूस असं शोधत नाही. ती मनातल्या मनात देवाला विनवू लागली की एक काडी दाखव. लहानपणी परीक्षेच्या निकालाला नवस करायची तशी.

काही सापडलं नाही.

शेवटच्या दिवशी उन्हं कलल्यावर मॅडम ढिगाऱ्यांच्या पलीकडे गेल्या. बराच वेळ झाला म्हणून नूपुर मागे गेली. मॅडम पाठमोऱ्या बसल्या होत्या. शेजारी त्यांची शबनम पिशवी उघडी होती, आणि तिच्यातून त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं होतं. फडकं सुटलं तसा हिरवा, ताजा झुबका दिसला.

"हे काय आहे मॅडम?"

मॅडम दचकल्या नाहीत. जणू ती येईल हे त्यांना ठाऊकच होतं. "बरं झालं आलीस. कॅमेरा घे. दोन मिनिटांचं काम आहे."

"नागपूरहून आणलंत?"

"मुळं नीट धुतलीत या वेळी."

वारा सुटला होता. नूपुरला आपल्या कानांत वाळू भरल्यासारखं झालं.

"म्हणजे तुम्ही शोधायला आलाच नव्हतात."

"आले होते. शोधलं नाही का? तू होतीस ना सोबत? माझे गुडघे बघ." मॅडमनी सलवार वर ओढून सुजलेले गुडघे दाखवले, लहान मूल दाखवतं तसे. "नाही मिळालं. मग आता काय करायचं? हात हलवत घरी जायचं?"

"हो."

"तुला सोपं आहे ते. तुझ्यापुढे आयुष्य पडलंय. माझ्यापुढे डिसेंबर आहे, निवृत्ती आहे." त्यांनी झुबका उचलून तिच्यापुढे धरला. "धर गं. फक्त धर. मी काढते फोटो."

नूपुरनं हात मागे घेतले आणि ती जीपकडे चालू लागली. एकदाच तिनं वळून पाहिलं. मॅडम एका हातानं तो झुबका वाळूत रोवत होत्या, दुसऱ्या हातात मोबाइल होता. गवत उभं राहत नव्हतं. वाऱ्यानं पुन्हा पुन्हा आडवं पडत होतं, आणि मॅडम पुन्हा पुन्हा त्याच्या बुडाशी वाळू दाबत होत्या. ड्रायव्हर जीपमध्ये तोंडावर टॉवेल घेऊन झोपला होता.

परतीच्या गाडीत दोघी समोरासमोरच्या बर्थवर बसून नागपूरला आल्या. भोपाळला मॅडमनी दोन चहा घेतले आणि एक तिच्यापुढे ठेवला. नूपुरनं तो घेतला नाही.

दुसऱ्या आठवड्यात ती देव साहेबांकडे गेली आणि तिनं सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अहवालावर तुमचंही नाव आहे, हे लक्षात आहे ना?"

"आहे सर."

"फेब्रुवारीत कळलं तुम्हाला. आता ऑक्टोबर चाललाय."

साहेबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, धक्का तर नव्हताच. घरात पाहुणे असताना नळ गळायला लागावा तेवढाच त्रास होता.

चौकशीसाठी तिघांची समिती बसली. मॅडम लांब टेबलाच्या एका टोकाला, नूपुर दुसऱ्या टोकाला. मॅडमनी गवत मिहानच्या मागून आणल्याचं कबूल केलं. पण अभयारण्यात आपण ते पाहिलं होतं, त्यावर त्या ठाम राहिल्या. ड्रायव्हर तेव्हा गाडीतच बसला होता, त्याला काही ठाऊक नव्हतं.

"त्या दिवशी तुम्ही कोणाला सांगितलंत हे?" समितीतल्या एकानं विचारलं.

"नूपुरला," मॅडम म्हणाल्या. "त्याच संध्याकाळी."

सगळ्यांच्या माना नूपुरकडे वळल्या. मॅडमही बघत होत्या. पाणवठ्याकाठी गवत फाकताना जशा बघायच्या तशा. नूपुरला तो गार हात आठवला, ते हसरं वाक्य आठवलं. पण ते तिनं तापात ऐकलं होतं, की दिवाळीनंतर शीट पाहून स्वतःच मनानं रचलं होतं? ओल्या फडक्यातला हिरवा झुबका मध्येच येत होता आणि बाकी सगळं झाकून टाकत होता. 'नक्की आठवत नाही' असं तिला म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते एवढंच:

"नाही."

"सांगितलं नव्हतं?"

"नाही."

मॅडमनी नजर खाली घेतली आणि समोरच्या ग्लासावरचं झाकण उगाच सरळ केलं. पुढे त्यांनी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

निकाल लागायला वेळ गेला नाही. वाळवंटातला सगळाच संग्रह भरवशाचा नाही, असं ठरलं. कपाटं रिकामी करायचा हुकूम निघाला. नूपुर धावत देव साहेबांकडे गेली.

"सर, बाकीचे नमुने खरे आहेत. माझ्या हातांनी काढलेत. एकेकाची नोंद जागेवर केलीय."

"कोणते खरे, कोणते खोटे, हे कोण ठरवणार? तुम्ही?"

"पुन्हा जाऊन पडताळून बघता येईल."

"कोण जाणार? प्रकल्पच बंद झालाय." ते उठले. म्हणजे तिनंही उठायचं होतं.

प्रकल्पाबरोबर तिची नोकरी गेली. जाताना कोणी वाईट बोललं नाही. ती चहाला गेली की बोलणं थांबायचं, एवढंच. जिनं आपल्या गुरूला सोडलं नाही ती आपल्याला काय सोडणार, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. शीटचे गठ्ठे तळघरात, जनरेटरशेजारी नेऊन टाकले. धोंडबा एकटाच ते वाहून नेत होता. तिला पाहून तो थांबला.

"म्या बोललो नसतो तं बरं झालं असतं ना, ताई?"

"तुमचा काय दोष, धोंडबा."

"दोष नाही ना," तो म्हणाला. "तेच तं." आणि गठ्ठा खांद्यावर सावरून खाली उतरला. तिथे ओल होती, झुरळं होती. पुढल्या पावसाळ्यापर्यंत त्यातलं काही उरणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

मॅडम डिसेंबरात निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ झाला नाही. नूपुर पुन्हा त्याच क्लासमध्ये शिकवायला लागली. प्रेमलताबाईंनी फ्रिजवरचा फोटो काढला नाही, त्यावर दूधवाल्याचं कॅलेंडर लटकवलं.

चैत्रात, एका रविवारी, नूपुर बजाजनगरला मॅडमच्या फ्लॅटवर गेली. का गेली हे तिला सांगता आलं नसतं. जिना चढताना तिला वाटत होतं, मॅडम शिव्या घालतील आणि मग थोडं बरं वाटेल.

मॅडमनी आतलं दार उघडलं, बाहेरची जाळी लावलेलीच ठेवली. केस पार पांढरे झाले होते. अंगात जुना गाऊन, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"पाणी देऊ?"

"नको मॅडम. तुम्ही कशा आहात?"

"बरी आहे. गुडघे दुखतात." त्यांनी जाळीला हात टेकला. "तू देवकडे गेलीस, त्याचं मला काही नाही. जायलाच पाहिजे होतं. मी तुझ्या जागी असते तर फेब्रुवारीतच गेले असते."

नूपुर जाळीजवळ एक पाऊल पुढे आली.

"पण त्या दिवशी तापात तुला सांगितलं होतं मी. ओले कपडेसुद्धा बदलले नव्हते, आधी तुझ्याजवळ आले. दुसरं कोण होतं मला सांगायला?" त्यांचा आवाज चढला नाही. "आणि शीट दाखवलं तेव्हा तू स्वतः म्हणालीस, तुम्ही सांगितलं होतंत. तुझ्या तोंडानं. मग तिथे नाही काहून म्हणालीस गं?"

"मला नक्की आठवत नव्हतं."

"तसं म्हणायचं होतं मग."

खालच्या मजल्यावर कोणीतरी मिक्सर लावला.

"मॅडम, खरं सांगा," नूपुर म्हणाली. "दिसलं होतं ना ते?"

मॅडमनी जाळीतून तिच्याकडे पाहिलं. आता त्या डोळ्यांत राग नव्हता, मायाही नव्हती. एखाद्या अनोळखी माणसानं पत्ता विचारल्यावर असतं तेवढंच लक्ष होतं.

"आता तुला सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं. आपटलं नाही. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

नूपुर स्कूटीवरून घरी आली तेव्हा दुपारचं ऊन रस्त्यावर उभं होतं. प्रेमलताबाई ओट्याशी पोळ्या झाकून बसल्या होत्या.

"कुठे गेली होतीस एवढ्या उन्हाची?"

"हरकरे मॅडमकडे."

आईचा हात झाकणावरच थांबला. "मग? बोलल्या?"

"बोलल्या ना. छान बोलल्या." नूपुरनं ओढणी खुंटीला अडकवली. "जेवूनच आले तिथे."

"काय केलं होतं त्यांनी?"

"खिचडी," नूपुर म्हणाली, आणि खोलीत जाऊन उपाशीच आडवी झाली.